गणपतीत व्होल्टेज पडतं : डीपी लहान की तार लांब?

शेवटचा_पोल
गौरी जेवल्या, पाहुणे झोपले, आता लिहायला बसलोय. आमची वाडी राजापूर तालुक्यात, घरं २२, त्यातली वर्षभर उघडी ७-८, बाकीची गणपतीत आणि मे महिन्यात उघडतात. देवळाजवळ ६३ चा डीपी (ट्रान्सफॉर्मरचा डबा) आहे आणि आमचं घर अगदी शेवटच्या पोलवर, तारेने मोजलं तर ८०० मीटर तरी भरेल. काल आरतीच्या वेळी ट्यूब पेटेना, मिक्सर नुसता गुंईई करून गप्प, वाटण शेवटी आईने पाट्यावर वाटलं आणि फ्रीजचा स्टॅबिलायझर रात्री अकरापर्यंत टक टक टक. वाडीची मीटिंग झाली त्यात ठरलं की सगळ्यांनी सह्या करून १०० च्या डीपीसाठी अर्ज द्यायचा. चुलतभाऊ म्हणतो डीपीच लहान म्हणजे व्होल्टेज कमी येणारच. मला ते पटत नाहीये, पण का पटत नाही तेही सांगता येत नाहीये. आमचे तात्या म्हणाले, आधी मला समजव त्या डब्यात काय होतं, मग सही करतो. तर जाणकारांनी सांगा, मोठा डीपी लावला की व्होल्टेज वाढतं का?

चाकरमानी_परळ
आम्ही आलो की व्होल्टेज पडतं, आम्ही गेलो की वाडी ओस पडते. नक्की काय पाडू ते एकदा ठरवून कळवा.

झावळ
सही करून टाका, विचार कसला करता. आमच्याकडे ६३ काढून १०० बसवला तेव्हापासून फ्यूज जायचा बंद.

तांबडी_माती
@झावळ फ्यूज जायचा बंद झाला ते ठीक, व्होल्टेज वाढलं का?

झावळ
ते कोणी मोजलंय. पण पंखा बरा फिरतो असं वाटतं.

मालवणी_मिरची
आमच्याकडे गणपतीत पंखो फिरता की आळस देता ता कळणा नाय. भटजी म्हणाले पंखो लावा, मिया म्हटलंय लायलेलोच आसा.

जुना_ऑपरेटर
सबस्टेशनात ३१ वर्षं ड्युटी केली, निम्मी रात्रपाळीत, म्हणून जरा लांबण लावतो. तात्यांना वाचून दाखव.

पहिलं म्हणजे डीपी हे त्या डब्याचं नावच नव्हे. डीपी म्हणजे डबल पोल, दोन खांब रोवून मधे जो माचा करतात तो. त्या माच्यावर बसतो तो ट्रान्सफॉर्मर. पण आता सगळे डब्यालाच डीपी म्हणतात तर आपणही म्हणू, त्यावर भांडत बसत नाही.

डब्यात वीज तयार होत नाही आणि साठतही नाही. आत लोखंडाचा गाभा असतो, तोही अखंड ठोकळा नाही, पाव मिलिमीटरच्या आसपास जाडीच्या पत्र्यांची थप्पी, पत्र्यापत्र्यात इन्सुलेशनचा लेप. अखंड ठोकळा घातला तर लोखंडातच भोवऱ्यासारखे प्रवाह फिरून ते फुकट तापत बसतं. ह्या गाभ्यावर तारेची दोन वेटोळी. एकात ११ हजार व्होल्ट येतात, दुसऱ्यातून आपल्याकडे जातात, दोघांचा एकमेकांना स्पर्श नाही. पहिल्यातला करंट सेकंदाला ५० वेळा उलटसुलट होतो, त्याच्याबरोबर गाभ्यातलं चुंबकत्व उलटसुलट होतं आणि त्या बदलत्या चुंबकत्वात सापडलेल्या दुसऱ्या वेटोळ्यात व्होल्टेज उभं राहतं. किती, तर जसे वेढे तसं. तुमच्या डीपीत एका फेजला (डीपीतून निघणाऱ्या तीन जिवंत तारांपैकी एकीला) वरच्या वेटोळ्यात ४४ वेढे तर खालच्यात १, असं प्रमाण. ११,००० भागिले ४४, आले २५०. भार पडला की त्यातले थोडे आतच जातात, उरलेले बाहेर.

आता ६३ चा डीपी असो की १०० चा, हे प्रमाण तेच. ६३ हा आकडा केव्हीएचा, म्हणजे डबा भार किती सोसेल त्याचा. ६३ वाला एका फेजला ८४ अँपिअरपर्यंत देतो, १०० वाला १३३. झावळ यांचा फ्यूज त्यामुळे जायचा थांबला. पण टोप मोठा घेतला म्हणून सार तिखट होत नाही.

पूर्ण भारावर डब्याच्या आत व्होल्टेज पडून पडून चार-साडेचार टक्के पडेल, म्हणजे ९-१० व्होल्ट. तेवढ्याने मिक्सर अडत नाही. तुझं दुखणं त्या ८०० मीटर तारेत आहे असा माझा अंदाज.

सुरंगी
काका, वेटोळी चिकटलेलीच नाहीत तर वीज पलीकडे जाते कशी हे माझ्या डोक्यात अजून शिरलेलं नाही. मुलगी आठवीत आहे, ती विचारते आणि मी फोडणीकडे बघते.

जुना_ऑपरेटर
@सुरंगी ताई, फॅरेडेचा प्रयोग सांगा तिला. १८३१ साली त्याने लोखंडी कडं घेतलं, एका अंगाला एक वेटोळं, समोरच्या अंगाला दुसरं. पहिल्याला बॅटरी जोडली की दुसऱ्याला लावलेली सुई टुणकन हलली आणि परत जागेवर. बॅटरी चालू, करंट चालू, सुई मात्र ढिम्म. बॅटरी काढली तर पुन्हा हलली, उलट्या बाजूला. म्हणजे नुसता करंट असून उपयोग नाही, तो बदलता हवा. आपला एसी कायम बदलतच असतो म्हणून सुई कायम हललेली, असं समजा. यानंतर ५० वर्षं उलटून गेली तेव्हा कुठे १८८५ मध्ये बुडापेस्टच्या गान्झ कारखान्यातल्या तिघांनी, झिपरनॉव्स्की, ब्लाथी आणि डेरी यांनी, बंद गाभ्याचा कामाचा ट्रान्सफॉर्मर केला.

डीपीखालून जाताना गूंऽऽ आवाज येतो ना, तोही ह्यातलाच. चुंबकत्वाने पत्रे केसाहून बारीक ताणतात नि आखडतात, सेकंदाला १०० वेळा. आमच्या गावात म्हणायचे वीज सळसळतेय.

नेटवर_वाचलं
बदलता करंटच लागतो म्हणता मग चंद्रपूर ते पडघे लाइन डीसी (एकाच दिशेने वाहणारा करंट) आहे ती कशी चालते? ५०० केव्ही (केव्ही म्हणजे हजार व्होल्ट) आणि ७५० किमी. उगाच लोकांना अर्धवट सांगू नका.

जुना_ऑपरेटर
लाइन डीसी आहे हे खरं, १९९९ पासून आहे, १५०० मेगावॉटची. पण तिच्या दोन्ही टोकांना ट्रान्सफॉर्मर बसलेलेच आहेत हो. चंद्रपूरला आधी एसीवरच व्होल्टेज चढवतात, मग कन्व्हर्टरने डीसी करतात, पडघ्याला पुन्हा एसी. मधली वाट तेवढी डीसी. अर्धवट कोण ते ठरवत नाही, वय झालं माझं.

पोफळीचा_पाणी_मुंबईचा_दिवा
विषय निघालाच आहे तर कोयनेचं बोलू. धरण घाटावर साताऱ्याकडे, त्या नदीने खरं तर पूर्वेला कृष्णेकडे जायचं, ते पाणी सह्याद्रीच्या पोटातून बोगद्याने आमच्या पोफळीला खाली सोडलंय आणि काम झालं की वाशिष्ठीत. १९६२ पासून चालूय, सगळे टप्पे धरून १९६० मेगावॉट. आमच्या आजोबांच्या घरात मात्र तेव्हा रॉकेलची चिमणी, डोक्यावरून तारा चालल्यात मुंबईला. लहानपणी मला वाटायचं त्या तारेला नुसता आकडा टाकला की झालं.

ते का होत नाही हे पुढे आयटीआयला कळलं. १०० मेगावॉट २२० केव्हीवर पाठवायला करंट लागतो २६२ अँपिअर. तेच १०० मेगावॉट घरच्या व्होल्टेजला पाठवायचं म्हटलं तर १ लाख ३३ हजार अँपिअर, त्याला तार नव्हे तांब्याचा ओंडका लागेल. आणि तारेत उष्णता होऊन जी वीज वाया जाते ती करंटच्या वर्गाच्या हिशेबात, करंट दसपट तर नासाडी शंभरपट. म्हणून वीजघराच्या दारातच ट्रान्सफॉर्मरने व्होल्टेज चढवायचं, करंट खाली आणायचा, डोंगरदऱ्या पार करायच्या आणि मग टप्प्याटप्प्याने २२०, ११०, ३३, ११ असं उतरवत वाडीपर्यंत. कुठे ३३ वरून मधे २२ येतं पण तत्त्व तेच.

चाकरमानी_परळ
म्हणजे गावची वीज आधी मुंबईला जाऊन चाकरमानी होते आणि गणपतीला परत येते.

पोफळीचा_पाणी_मुंबईचा_दिवा
हाहाहा, येताना थकलेली असते.

खांबावरचा
मी लाइनचंच काम करतो, ठेकेदाराकडे. तारांची नावं माहितीयेत का कोणाला? सगळी जनावरांची. ४०० केव्हीला मूस, २२० ला झेब्रा, १३२ ला पँथर, ३३ ला बहुतेक डॉग, मग रॅबिट, वीझल आणि सगळ्यात बारीक स्क्विरल. शेवटचा_पोल दादा तुमच्या वाडीत कुठलं जनावर ते बघा. जुन्या लाइनला वीझल नाहीतर स्क्विरल असणार.

वीझल धरून हिशेब करतो. एका किलोमीटरला तारेचा रोध ०.९३ ओहम. तुमचे ८०० मीटर जाताना फेजमधून आणि ८०० येताना न्यूट्रलमधून, १.६ किलोमीटर, म्हणजे १.५ ओहम धरा. टोकाच्या घरांचा मिळून ३० अँपिअर एकाच फेजवर असेल तर ४५ व्होल्ट तारेतच गेले. तेवढाच भार ११ केव्हीवर नेला असता तर एक अँपिअरसुद्धा लागला नसता. पोफळीवाल्यांनी सांगितलं तेच आहे हे, फक्त मुंबईच्या ऐवजी शेवटचा पोल.

मालवणी_मिरची
मुंबयक झेब्रो आणि आमका खार. बरा आसा.

दिवेआगर_सुपारी
थोडं अवांतर. ३ जून २०२० चं निसर्ग वादळ ज्यांनी पाहिलं नाही त्यांना डीपीची किंमत कळायची नाही. आमच्या वाडीतल्या सुपाऱ्या काडेपेटीतल्या काड्यांसारख्या मोडल्या, त्या पडल्या तारांवर, तारांनी पोल ओढले आणि डीपी पालथा पडला, तेल सगळं मातीत. पुढचे कित्येक दिवस मोबाइल चार्ज करायला एका दुकानदाराच्या जनरेटरवर रांग, एका बोर्डाला सतरा फोन. पोल आले पण रस्त्यावर झाडं, मग गावातले पंचवीस जण मिळून सिमेंटचा एकेक पोल दोराने ओढत आगरात नेला. माझा डावा खांदा अजून पावसाळ्यात आठवण काढतो. तेव्हापासून डीपीला कोणी नावं ठेवली की मी गप्प बसतो.

सुरंगी
खांदा दुखतो म्हणालात म्हणून आठवलं, आमचे आजोबा डीपीचं तेल गुडघ्याला लावायचे! कोण ओळखीचा आणून द्यायचा बाटलीतून. खरंच गुण येतो का?

जुना_ऑपरेटर
ताई, हे ऐकून ऐकून मी रिटायर झालो. ते खनिज तेल आहे, पेट्रोलियमचं. वेटोळी थंड ठेवायला आणि व्होल्टेज उडी मारू नये म्हणून भरतात, त्यात औषध काही नाही, जुन्या तेलात तर काय काय उतरलेलं असतं. गुण येतो तो चोळण्याने, खोबरेल लावून चोळा. आणि आजोबांना ज्याने बाटली दिली त्याने डीपीची पातळी उतरवली. तेल कमी झालं की वेटोळं उघडं पडतं, तापतं, आणि एका संध्याकाळी धूर.

दुसरं, आपल्याकडे हवेत ओल आणि मीठ. मोठ्या ट्रान्सफॉर्मरला काचेची छोटी बरणी लटकलेली दिसेल, आत निळे खडे. ट्रान्सफॉर्मर तापला की तेल फुगतं आणि हवा बाहेर, गार झाला की हवा आत ओढतो, श्वासच म्हणा. ती आत येणारी हवा खड्यांतून गाळून येते. खडे ओल पिऊन गुलाबी झाले की बदलायचे नाहीतर भाजून परत वापरायचे. घाटावर जे खडे महिनोन्‌महिने निळे राहतात ते खाडीकाठच्या सबस्टेशनात बघता बघता गुलाबी व्हायचे.

खाडीकाठ
मिठाचं अगदी खरं. आमच्याकडे पहिला बारीक पाऊस पडला की पोलवर चिनीमातीच्या चिमणीवरून (इन्सुलेटर) चर्र चर्र निळं दिसतं रात्री. मुलं घाबरतात. जोराचा पाऊस आला की मीठ धुऊन जातं, मग शांत.

कोरे_लोको
मीठ आणि वीज म्हटलं की कोकण रेल्वे आलीच. २०२२ मध्ये पूर्ण ७४१ किमी विजेवर आली. वर एकच तार, २५ हजार व्होल्ट, परतीचा रस्ता रुळांतून. इंजिन पोटात ट्रान्सफॉर्मर घेऊनच फिरतं. आता वीर पासून

तांबडी_माती
@कोरे_लोको वीरपासून काय? गाडी बोगद्यात गेली वाटतं.

स्टॅबिलायझर_झिंदाबाद
एवढं गणित कशाला, प्रत्येकाने पाच केव्हीएचा स्टॅबिलायझर घ्यायचा, विषय संपला. मी घेतलाय, टीव्ही मस्त.

खांबावरचा
@स्टॅबिलायझर_झिंदाबाद तुमचा टीव्ही मस्त, तुमच्या पुढच्या घराचं काय? स्टॅबिलायझर म्हणजे पण एक ट्रान्सफॉर्मरच, एकाच वेटोळ्यावर टप्पे काढलेला. १७० चे २२० केले तर तो फुकट करत नाही, तेवढा जास्त करंट लाइनमधून ओढतो. करंट वाढला की तार अजून व्होल्टेज खाते. सगळ्या वाडीने घेतले की शेवटच्या घराला पणतीच. पाण्याच्या लाइनला ज्याने त्याने पंप लावावा तसं आहे.

स्टॅबिलायझर_झिंदाबाद
...हे शेजारच्यांना सांगू नका.

तांबडी_माती
आमच्याकडे उलटी गंमत झाली होती, एका घरात बल्ब हॅलोजनसारखा आणि शेजारी मंद. टीव्ही गेला, वायफायचा डबा गेला. वायरमन आला तो म्हणाला न्यूट्रल तुटलाय.

जुना_ऑपरेटर
ती गंमत नव्हे, तसं दिसलं की पहिला मेन स्विच बंद. न्यूट्रल सुटला की दोन फेजवरची घरं एकामागे एक जोडल्यासारखी होतात आणि ४०० व्होल्टची वाटणी भारावर ठरते, ज्याच्या घरात कमी उपकरणं चालू त्याच्या वाट्याला जास्त व्होल्ट. काहीच चूक नसलेल्या म्हातारीचा टीव्ही जातो.

@शेवटचा_पोल तू कुठे आहेस? एक काम कर. डीपीला, पोलला हात लावायचा नाही. साधा मल्टिमीटर पैदा कर आणि घरातल्या प्लगला मोज. एक डीपीजवळच्या पहिल्या घरात, एक तुझ्या घरात. आरतीच्या वेळी आणि रात्री दोन वाजता. चार आकडे इथे टाक, मग सहीचं बघू.

शेवटचा_पोल
काका, विसर्जनाची गडबड होती. मल्टिमीटर शाळेच्या सरांकडून आणला. रात्री दोनला पहिल्या घरी कडी वाजवली तर त्यांना वाटलं कोणी गेलं की काय, पण मोजू दिलं, वर चहा.

आरतीला पहिलं घर २२६, आमचं १७१.
रात्री दोनला पहिलं घर २३५, आमचं २२८.

खांबावरचा
बघा. भार आला तेव्हा पहिल्या घराचे ९ व्होल्ट पडले आणि तुमचे ५७. मधले ४८ तारेने खाल्ले. माझे ४५ निघाले होते, तीन व्होल्टची चूक पदरात घ्या.

झावळ
मी माझी पोस्ट मागे घेतो. पण १०० चा डीपी वाईट नाही एवढं राहू दे.

नेटवर_वाचलं
मग डीपीलाच टॅप असतो ना, व्होल्टेज वर करायचा? तो फिरवला की झालं.

जुना_ऑपरेटर
टॅप सबस्टेशनातल्या मोठ्यांना असतो, एवढ्याशा डीपीला सहसा नसतो. आणि असता तरी, शेवटच्या घराला ४० व्होल्ट वाढवून द्यायचे तर पहिल्या घरात रात्री दोनला २७५. चहा देणाऱ्यांचा फ्रीज जाळायचा काय?

शेवटच्या पोलवाल्या, वायरमनला बोलावून एक बघून घे, टोकाची सगळी घरं एकाच फेजवर आहेत का.

शेवटचा_पोल
काका साष्टांग नमस्कार. आज वायरमन आला, परमिट घेऊन लाइन बंद करून चढला. टोकाच्या ९ घरांपैकी ८ एकाच तारेवर! तौक्ते वादळाच्या वेळी लाइन पडली होती, तेव्हा घाईत ज्याने जोडलं त्याने हाताला लागेल त्या खालच्या तारेवर सगळ्यांच्या सर्व्हिस वायरी अडकवल्या, आणि तेव्हापासून कोणी बघितलंच नाही, आम्हीसुद्धा नाही. त्याने तीन-तीन घरं तीन फेजवर वाटून दिली. अजून बरेच लोक इथेच आहेत, संध्याकाळी भजन होतं, लायटिंग होती, तेव्हा मोजलं तर १९८.

खांबावरचा
भार तिन्हीकडे वाटला की न्यूट्रलमधला करंट जवळपास आपसात फिटतो आणि येतानाची ८०० मीटर तार हिशेबातून सुटते, वर प्रत्येक फेजमधला करंटही कमी. पण पाणी चढवायच्या पंपाला १९८ कमीच. ११ केव्हीची लाइन वाडीच्या मध्यापर्यंत नेऊन तिथे २५ चा दुसरा डीपी मागा.

शेवटचा_पोल
तेच करतोय. जुना अर्ज तात्यांनी सही न करताच परत दिला, नवीन मी लिहिलाय. "आमच्या वाडीच्या टोकाकडील घरांना संध्याकाळी १७१ व्होल्ट इतका कमी दाब मिळत होता, फेजची विभागणी केल्यावर तो १९८ झाला आहे, तरी ११ केव्ही लाइन वाढवून वाडीच्या मध्यावर २५ केव्हीएचा स्वतंत्र ट्रान्सफॉर्मर बसवून मिळावा." कोणी चुका काढा.

जुना_ऑपरेटर
चारही आकडे तारीख-वेळेसकट घाल. लाइनच्या जागी "उच्चदाब वाहिनी" लिही, आणि मध्यावर जागा कुणाच्या मालकीची आहे त्याची संमती आधीच जोड, तिथेच फाइल बसते. पोच घ्यायला विसरू नको.

शेवटचा_पोल
जागा चुलतभावाची आहे. 😐

चाकरमानी_परळ
आता खरं ट्रान्सफॉर्मेशन करावं लागणार.

मालवणी_मिरची
ता सगळा र्‍हवांदे, मिक्सर फिरलो काय?

शेवटचा_पोल
फिरला. आई म्हणाली पाट्यावरचं वाटण बरं होतं.